भोजनगृहाची भिंत

गेल्या वर्षीं दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या दिवसांत आमच्या घरीं एक लहानसें भांडण झालें, आणि आजच्या भाषणाचा विषय त्या भांडणांतूनच निघाला. छत्रपति संभाजीनगरांत गुलमंडीच्या मागच्या एका गल्लींत आमचें जुनें घर आहे. त्या घरांतील जेवावयाच्या खोलीला उत्तरेकडे एकच खिडकी. सामान मोजकें, पण हालविण्याजोगें नव्हे. वडिलांनीं करविलेलें सागवानी मेज, त्याच लांकडाचें भिंतभर कपाट, पितळी भांड्यांची मांडणी, आणि दारावर जांभळ्या जमिनीचा हिमरूचा पडदा. भिंतीचा रंग उडाला होता. नवा कोणता द्यावा, एवढाच प्रश्न. मीं दुकानांतून रंगांचें कार्ड आणलें. त्यांतील नखाएवढ्या चौकोनांपैकीं एक विटकरी छटा माझ्या मनांत भरली, आणि कोणास न विचारतां ती मीं एका भिंतीवर लावून घेतली. रात्रीं जेवावयास बसलों तों सागवानी कपाट मातकट दिसूं लागलेलें, पितळ विझल्यासारखें झालेलें, आणि पडद्याचा जांभळा रंग तर ओळखूंही येईना. काकू पानावर बसतां बसतां म्हणाल्या, "अरे, आज भिंतच जेवायला बसली आहे, आणि आपण वाढपी आहोंत असें वाटतें."

मीं पराभव कबूल केला. पराभूत मनुष्य पुस्तकांकडे वळतो, तसा मीही वळलों. सामान आधीं ठरलेलें आहे, तें बदलतां येत नाहीं; मग भिंतीनें काय करावें? हा प्रश्न माझ्या घरापुरता असेल अशी माझी समजूत होती. पण शोधूं लागल्यावर दिसून आलें कीं, या प्रश्नाशीं दोन हजार वर्षें माणसें झगडत आलीं आहेत, आणि त्यांपैकीं कित्येक आमच्या याच जिल्ह्यांत झगडलीं आहेत.

या जिल्ह्यांतील सर्वांत जुनी भोजनशाळा कोणती, असें मला कोणी विचारलें तर मी वेरूळच्या पांचव्या लेण्याकडे बोट दाखवीन. बौद्ध भिक्षूंचा हा विहार सुमारें ११७ फूट खोल असून त्याचें छत चोवीस खांबांवर तोललेलें आहे. पण पाहणाऱ्याचें लक्ष खांबांकडे जात नाहीं, तें जमिनीकडे जातें. मधल्या मोकळ्या जागेंत, आंतपर्यंत गेलेले दोन लांबलचक, बुटके, दगडी ओटे आहेत; मूळ खडकांतच कोरून ठेवलेले. कोणी विद्वान् म्हणतात कीं भिक्षु यांच्या कडेनें बसून ग्रंथपठण करीत. दुसरे म्हणतात कीं येथें त्यांची पंगत बसे. मुंबईजवळ कान्हेरीच्या अकराव्या लेण्यांतही असेच ओटे आहेत व तेथेंही हाच वाद आहे. मला स्वतःला दोन्ही मतें खरीं वाटतात. ज्या ओट्यावर सकाळीं पोथी ठेवितां येते त्यावर मध्यान्हीं पात्र ठेवितां येणार नाहीं असें थोडेंच आहे! तें कसेंही असो. घरांतील कपाट जड आहे, सरकत नाहीं, अशी तक्रार करणाऱ्यानें एकदां हें लेणें पाहून यावें. येथें खोली आणि सामान यांचा जन्म एकाच टांकीच्या घावानें झालेला आहे. रंगाचा विचार करावयाचा तो त्यानंतर, आणि त्या काळ्या-करड्या खडकाला धरूनच.

असा विचार वेरूळच्या कारागिरांनीं केलाही होता. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळांत, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धांत आकारास आलेलें कैलास लेणें आज आपण काळ्या दगडाचें म्हणून ओळखतों. पण एके काळीं त्यावर पांढरा गिलावा होता, त्या गिलाव्यावर रंग होते, आणि लोक त्यास 'रंगमहाल' म्हणत. तेथील मंडपाच्या छताला कांहीं रंग अद्याप चिकटून आहेत. बारकाईनें पाहिलें तर एका चित्रावर दुसरें चित्र चढविलेलें आढळतें. एका पिढीस जो रंग शोभला तो दुसरीस शोभला नाहीं, असा त्याचा अर्थ मी करितों. त्या पिढ्यांतही कोणी काकू असतीलच.

आतां आपल्या घरांकडे वळूं. मेज-खुर्च्या येण्यापूर्वीं आपल्या भोजनगृहाला सामान असें नव्हतेंच. पाट मांडले, पानाभोंवतीं रांगोळी घातली, समई लावली, कीं भोजनगृह तयार झालें. जेवणें आटोपून पाट उभे करून ठेवले कीं तें नाहींसें झालें. राहतां राहिली मांडणी आणि तिच्यावरचीं घासूनपुसून लखलखीत केलेलीं तांब्यापितळेचीं भांडीं. हींच घराची शोभा, आणि हेंच घराचें धन. भिंतीचा रंग ठरे तो या भांड्यांवरून, आणि पाटावर बसणाऱ्यांच्या पाठींवरून. पाठींवरून असें मीं म्हटलें तें थट्टेनें नव्हे. भिंतीशीं टेकून बसलेल्या माणसाच्या डोक्याचें तेल भिंतीस लागतें, आणि पांढऱ्या भिंतीवर तो डाग वर्षभर दिसतो. म्हणून खालीं कमरेइतका किंवा डोक्याइतका पट्टा काव किंवा गेरू यांचा काढीत, आणि वर चुना देत. त्या चुन्यांत पुष्कळदां नीळ घालीत.

ही नीळ घालण्याची चाल मोठी शहाणपणाची आहे. कळीचा चुना भिजवून भिंतीला दिला म्हणजे तो हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु शोषून घेऊन पुन्हां दगड बनतो. भिंतीवर जणूं कागदाएवढा पातळ दगडी थर बसतो. पण त्याच्या पांढऱ्या रंगांत किंचित् पिवळी झांक असते. चिमूटभर नीळ तिला मारते आणि पांढरा अधिक पांढरा दिसतो. मूठभर घातली तर भिंत आकाशासारखी निळी होते. मात्र वाटेल तो निळा रंग चुन्यांत चालत नाहीं. अठराव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन येथें सांपडलेला प्रशियन निळा रंग चुन्याच्या दाहकतेपुढें टिकत नाहीं, तांबूस होऊन जातो. टिकतो तो अल्ट्रामरीन. पुडींतील नीळ म्हणून जी विकली जाई ती बहुधा हीच. हा रंग पूर्वीं फक्त लाजवर्द नांवाच्या दगडापासून होई, तो दगड अफगाणिस्तानांतील बदख्शान प्रांतांतून येई, आणि युरोपांत त्याच्या किंमतीची तुलना सोन्याशीं होई. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत फ्रान्समध्यें गिमे नांवाच्या रसायनज्ञानें तो कारखान्यांत करण्याची युक्ति काढली. अजिंठ्याच्या चित्रकारांनीं पांचव्या शतकांत जो निळा रंग हातचा राखून वापरला, तोच पुढें आमच्या आजीनें आण्याच्या पुडींतून काढून बादलीभर चुन्यांत ढवळला. दोहोंच्या रसायनांत फरक नाहीं.

निळ्या भिंतीपुढें पितळ कां झळकतें, याचें शास्त्र मात्र आजीला कोणी सांगितलेलें नव्हतें. तें शास्त्र पॅरिस शहरीं जन्मास आलें, आणि तेंही एका तक्रारींतून. गोबलॅं हा तेथील राजाश्रित कारखाना. भिंतीवर टांगावयाचे मोठमोठे विणीव चित्रपट तेथें होत. शेव्रल नांवाचा रसायनशास्त्रज्ञ इ. स. १८२४ त तेथील रंगशाळेचा प्रमुख झाला. त्याच्याकडे गाऱ्हाणें आलें कीं निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या छायेसाठीं दिलेली काळी लोंकर पुरेशी काळी होत नाहीं. त्यानें ती लोंकर इतर ठिकाणच्या लोंकरींशीं ताडून पाहिली. रंगांत कांहीं खोट नव्हती. खोट होती ती शेजारांत! डोळा कोणताही रंग एकटा पाहत नाहीं. निळ्याशेजारीं ठेविलेल्या काळ्यावर निळ्याच्या विरोधी रंगाची, म्हणजे नारिंगी, छटा पडल्याचा भास होतो आणि काळा मळकट दिसतो. या एका धाग्यावरून त्यानें इ. स. १८३९ त भला मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्यांत घरांच्या भिंती, पडदे व खुर्च्या यांविषयींही विस्तारानें सांगितलें. तांबूस लांकडाशेजारीं तांबडा रंग आणूं नये. त्यामुळें लांकडाची लाली मरते आणि महागाचें लांकूड साधें दिसूं लागतें. तेंच लांकूड हिरव्याशेजारीं ठेवा, म्हणजे तें उजळतें. माझ्या विटकरी भिंतीनें सागवानाचें काय केलें होतें, तें मला हीं पानें वाचतांना कळलें. कार्डावरच्या नखाएवढ्या चौकोनाशेजारीं सागवान नव्हतें, पितळ नव्हतें, हिमरू नव्हता. तेथें फक्त पांढरा कागद होता.

दिव्याची गोष्ट वेगळीच. समईचा उजेड पिवळा, त्यांत निळा अंश अगदीं थोडा. म्हणून दिवसां निळी असणारी भिंत रात्रीं करडी होते, आणि गेरू व पितळ मात्र पेट घेतात. जेवणाची खोली ही घरांतील एकच अशी खोली कीं जिच्यांत दोन वेळां, दोन निराळ्या उजेडांत, तींच माणसें त्याच जागीं बसतात.

धूर हाही भोजनगृहाचा जुना सोबती. चूल जवळ असली कीं भिंत काळी व्हावयाचीच, आणि म्हणून आपल्याकडे स्वयंपाकघराला पोतेरें फिरविण्याची रीत होती. इ. स. पूर्वींच्या पहिल्या शतकांत रोमन स्थापत्यकार विट्रुव्हिअस यानें आपल्या ग्रंथांत हिंवाळ्यांतील भोजनगृहांसंबंधीं स्पष्ट सांगून ठेविलें आहे कीं तेथें नाजुक चित्रें किंवा नक्षी काढूं नये, शेगडीचा धूर आणि दिव्यांची काजळी यांनीं तीं नासतात. त्यापेक्षां भिंतींवर काळे चौक करावे, आणि त्यांच्या मध्यें पिवडीचे किंवा हिंगुळाचे पट्टे द्यावे. काजळी यावयाचीच आहे तर तिलाच रंग करा, असा हा रोखठोक सल्ला आहे. इ. स. २०२४ त पाँपेई येथें उत्खननांत एक मोठें भोजनगृह बाहेर आलें. त्याच्या भिंती काळ्या आहेत आणि त्या काळ्यावर हेलन, पॅरिस वगैरे ट्रॉयच्या कथेंतील पात्रें रंगविलेलीं आहेत. दिव्यांच्या हालत्या उजेडांत तीं पात्रें भिंतींतून पुढें येत असल्यासारखीं दिसत असावींत. तेव्हां विट्रुव्हिअसचा अर्धा सल्ला मानला गेला. चित्रांचा मोह कांहीं सुटला नाहीं.

आतां ज्या इमारतीविषयीं सांगावें म्हणून मी मुख्यतः आलों आहें, तिच्याकडे येतों. ती भोजनगृह नव्हे, ती एक कबर आहे. पण आधींच्या वस्तूला भिंतीनें कसें जुळवून घ्यावें या प्रश्नाचें एवढें मोठें उदाहरण आपल्या प्रांतांत दुसरें नाहीं. बेगमपुऱ्याच्या बाजूस उभा असलेला बीबीका मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू इ. स. १६५७ त वारली. तिच्या स्मरणार्थ बांधलेल्या या वास्तूचा कर्ता तिचा मुलगा आझमशहा म्हणून सांगतात. प्रवेशद्वारावरील लेखांत अताउल्ला हा स्थपति आणि हंसपतराय हा बांधकामाचा कारभारी, अशीं दोन नांवें आहेत. अताउल्लाचा बाप अहमद लाहोरी हा ताजमहालाचा स्थपति मानला जातो. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए यानें आपल्या प्रवासवृत्तांत लिहिलें आहे कीं सुरतेहून गोवळकोंड्यास जातांना वाटेंत त्यास संगमरवरानें लादलेल्या तीनशेंच्या वर गाड्या दिसल्या, आणि त्यांतील लहानांतल्या लहान गाडीस बारा बैल जुंपलेले होते. एवढा दगड राजपुतान्यांतून येथवर ओढून आणावयाचा! एकंदर खर्चाचा आंकडा गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनाम्यां'त ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिला आहे. ताजमहालाच्या खर्चाचा म्हणून जो आंकडा सांगितला जातो, तो सुमारें तीन कोटि वीस लाखांचा आहे.

पैसा थोडा, म्हणून संगमरवर थोडा. तो कोठें लावावा? कारभाऱ्यांनीं तो दोन ठिकाणीं लावला : खालीं, जेथें येणाऱ्याचा हात लागतो त्या कमरपट्ट्यास, आणि अगदीं वर, जेथें लांबून येणाऱ्याची दृष्टि पडते त्या घुमटास. मधली सर्व उंची आमच्या इकडच्या काळ्या दगडाची, आणि तिच्यावर घोटून घोटून गुळगुळीत केलेला चुन्याचा गिलावा. म्हणजे खालीं संगमरवर, वर संगमरवर, आणि मध्यें चुन्यानें त्या दोघांशीं रंग जुळवावयाचा. घरांत मेज आणि कपाट आधीं आणून ठेवावें आणि मग रंगाऱ्यास बोलवावें, तशीच ही स्थिति.

पांढऱ्याशीं पांढरा जुळविणें सोपें, असें ज्यास वाटतें त्यानें कधीं भिंत रंगविली नसावी. पांढरा हा एक रंग नव्हेच. संगमरवरांत उजेड थोडा आंत शिरून मग परततो, म्हणून त्याला खोली असते आणि किंचित् निळसर गारवा असतो. चुना उजेड पृष्ठभागावरूनच परतवितो, म्हणून तो दाट आणि कोमट दिसतो. घोटण्यानें त्यास तकाकी येते, पण ती खोली येत नाहीं. भर दुपारीं मकबऱ्यासमोर उभें राहिलें तर सगळेंच इतकें दिपवून टाकतें कीं फरक कळत नाहीं. संध्याकाळीं मात्र जोड उघडा पडतो; घुमट उजेड धरून राहतो आणि भिंती आधीं मावळतात. त्यांतून आमचा पावसाळा. संगमरवर धुतला जातो. गिलावा शेवाळतो, काळवंडतो, पोपडे धरतो, आणि त्याची पुनःपुन्हां डागडुजी करावी लागते.

या मकबऱ्यास ताजची फसलेली नक्कल म्हणून हिणविण्याची प्रवाशांत एक फॅशन आहे. मला ती अन्यायाची वाटते. ताजच्या कारागिरांपुढें हा प्रश्नच नव्हता; त्यांना जागोजाग संगमरवर मिळाला. आमच्या कारागिरांनीं तुटपुंज्या सामानाशीं चुना जुळविला, आणि तो इतका जुळविला कीं आजही पहिल्यांदां येणारा पाहुणा सगळी इमारत संगमरवरीच समजून आंत शिरतो. भिंतीवर नख लावून पाहण्याची बुद्धि त्यास दुसऱ्या भेटींत होते.

आतां एक उलट बाजूची हकीकत. ती लंडनमधील आहे, पण भोजनगृहाच्या रंगाविषयीं बोलावें आणि ती सांगूं नये असें होऊं शकत नाहीं. लिव्हरपूलचा एक धनाढ्य जहाजमालक फ्रेडरिक लेलंड यास चिनी निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा मोठा षोक. आपल्या लंडनच्या घरीं भोजनगृहांत हीं भांडीं मांडण्यासाठीं त्यानें टॉमस जेकिल याजकडून अक्रोडाच्या लांकडाची मांडणी करविली, भिंतींना जुनें नक्षीदार चामडें लावविलें, आणि विस्तवाच्या कोनाड्यावर व्हिसलर या चित्रकाराचें एका तरुणीचें चित्र टांगलें. म्हणजे मांडणी, भांडीं, चामडें, चित्र असें सगळें सामान आधींच हजर. व्हिसलरला वाटलें कीं चामड्यावरील तांबडीं फुलें आपल्या चित्राचे रंग मारतात. तेवढीं फुलें जरा बदलतों, असें म्हणून त्यानें इ. स. १८७६ त हातीं कुंचला घेतला, आणि मालक गांवीं गेलेला असतांना सगळी खोली, अगदीं महागाच्या चामड्यासकट, निळ्या-हिरव्या प्रशियन रंगानें आणि सोन्यानें भरून काढली. खिडक्यांच्या झडपांवर सोन्याचे मोर नाचूं लागले. मग बिल आलें : दोन हजार गिनी. लेलंडनें अर्धेच मान्य केले, आणि तेही गिनींत न देतां पौंडांत दिले. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग आणि पौंड म्हणजे वीस. कारागिराला पौंडांत आणि कलावंताला गिनींत पैसे देण्याचा तेथें संकेत असल्यामुळें तो एक शिलिंग व्हिसलरच्या वर्मीं लागला. त्यानें मुख्य भिंतीवर झुंजणारे दोन मोर काढले. एकाच्या पायाशीं नाणीं विखुरलेलीं आहेत. जेकिलला पुढें वेड लागलें आणि तो इ. स. १८८१ त वारला. लेलंडनें मात्र ती खोली तशीच ठेविली, आणि इ. स. १८९२ त मरेपर्यंत तो त्या झुंजणाऱ्या मोरांसमोर बसून जेवला. आज ती सबंध खोली वॉशिंग्टन येथील फ्रीअर संग्रहालयांत आहे. तिची गणना उत्कृष्ट कृतींत होते, आणि ती योग्यच आहे. परंतु भांड्यांसाठीं केलेल्या खोलींत भांडीं कोणाच्या लक्षांत राहतात?

मोठ्या मेजवान्यांचा विषय निघाला म्हणून जातां जातां सांगतों. मराठवाडा इ. स. १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानांत होता, त्याच्या राजधानींतील फलकनुमा राजवाड्यांत एकशेंएक माणसें एका वेळीं बसतील एवढें जेवणाचें मेज आहे. तेथें भिंतीचा रंग कोणता, हें पाहण्यास पाहुण्याला फुरसत मिळत असेल असें वाटत नाहीं.

रंगाविषयींची अधीरता आमच्याही जिल्ह्याला महाग पडली आहे. अजिंठ्याचीं चित्रें रंगविणाऱ्यांनीं खडकावर मातीचा, भुशाचा व तंतूंचा लेप दिला, त्यावर पातळ पांढरा हात दिला, आणि गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळ व पांढरी माती या मूठभर रंगांत काम केलें. लाजवर्द तेवढा परदेशचा, आणि नवव्या-दहाव्या लेण्यांतील जुन्या चित्रांत तोही नाहीं. आंधाऱ्या लेण्यांत, हातांतल्या दिव्याच्या किंवा दारांतून आलेल्या परावृत्त उजेडांत हे रंग कसे दिसतील, हें ताडून तीं चित्रें काढलेलीं आहेत. इ. स. १८१९ त इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेस लेणीं पडलीं. नंतर नकला करणारे आले. ग्रिफिथ्स यांच्या हाताखालीं मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीं इ. स. १८७२ पासून पुढें नकला केल्या. त्या वेळीं रंग उठून दिसावे म्हणून चित्रांना वार्निश चोपडलें गेलें. इ. स. १९२० ते १९२२ या काळांत निझाम सरकारनें दोन इटालियन तज्ज्ञ आणविले. त्यांनीं निखळणारा लेप चिकटवून पुष्कळ चित्रें वांचविलीं, हें उपकार मानावेच लागतील; पण त्यांनींही लाखेचा हात दिला. कांहीं वर्षांनीं तें सारें पिवळें पडलें. पांढरा पिवळा झाला, निळा हिरवट झाला, आणि चित्रकारानें ज्या रंगाशेजारीं जो रंग बसविला होता ते शेजार बिघडले. पुढें तें वार्निश काढण्यांत पुरातत्त्व खात्याचीं कित्येक वर्षें गेलीं.

हें वाचल्यावर मीं आमच्या भिंतीवर चकाकणारा तैलरंग देण्याचा बेत सोडला. तसाही तो चुन्याच्या जुन्या भिंतीस मानवत नाहीं. भिंतींतील ओल बाहेर पडावयास वाट उरत नाहीं, आणि दोन पावसाळ्यांत फोड येतात. त्याऐवजीं एका वृद्ध रंगाऱ्यास बोलावून माझी विटकरी चूक खरवडावयास सांगितलें. ती निघाली, आणि तिच्याखालीं एकामागून एक थर निघूं लागले. प्रथम दुधी डिस्टेंपर. त्याखालीं पांढरा चुना, दोन-तीन हातांचा. त्याखालीं निळा. आणि निळ्याच्या खालच्या अंगास, जमिनीपासून कमरेपर्यंत, गेरूचा पट्टा.

काकू बराच वेळ तें पाहत उभ्या होत्या. मग त्यांनीं सांगितलें कीं त्या लग्न होऊन या घरांत आल्या तेव्हां ही भिंत निळी होती, येथें पाट मांडीत, आणि भांड्यांची मांडणी निळ्यावर असल्यामुळें तांब्या नुसता पाण्यानें विसळला तरी सोन्यासारखा दिसे. पुढें स्टीलचीं भांडीं आलीं. निळ्यावर तीं थंडगार दिसूं लागलीं म्हणून पांढरा आला. मेज आलें त्या वर्षीं गेरूचा पट्टा गेला, कारण भिंतीला टेकून बसणारें कोणी उरलें नाहीं. दुधी रंग माझ्या आईनें निवडला होता, ट्यूबलाइट घेतली तेव्हां. एवढें सगळें त्यांनीं बोटानें एकेक थर दाखवीत सांगितलें. मी या घरांत जन्मलों, आणि यांतील एकही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

मग आम्हीं घाई केली नाहीं. कपाटाच्या दोन्ही बाजूंस हातभर लांबीरुंदीचे चार पट्टे ओढले : एक नीळ घातलेला, एक पिवडीचा, एक हिरव्या मातीचा, एक नुसता चुना. आठ दिवस ते सकाळीं, दुपारीं आणि रात्रीं दिवा लावून पाहिले. पिवडीपुढें पितळ नाहींसें होई. तो पट्टा पहिल्याच दिवशीं बाद झाला. निळा पितळेस फार शोभे, पण उत्तरेच्या उजेडांत सागवानावर मळभ आणी, आणि हिमरूचा जांभळा गिळून टाकी. नुसता चुना कोणाचेंच वांकडें करीत नव्हता आणि कोणाचें भलेंही करीत नव्हता. फिकट हिरव्यावर लांकूड तांबूस झालें, पितळ टिकलें, आणि पडद्यावरचीं पांढरीं फुलें मोजतां येऊं लागलीं. काकूंचें मन निळ्यावर होतें, तें मला दिसत होतें. पण त्यांनींच रंगाऱ्यास हिरवा सांगितला. सामान आतां तें राहिलें नाहीं, एवढेंच म्हणाल्या.

कपाट सरकत नाहीं, म्हणून त्यामागची भिंत पूर्वींही कोणी रंगविली नव्हती. तिच्या कडेला वीतभर रुंदीची एक उभी पट्टी काकूंनीं खरवडूं दिली नाहीं, आणि तिच्यावर नवा रंगही देऊं दिला नाहीं. तेथें गेरू, निळा, पांढरा आणि दुधी असे चारही थर एका खालीं एक दिसतात. रंगाऱ्यानें काम राहिलें समजून दोनदां विचारलें. दुसऱ्यांदां काकूंनीं त्यास चहा दिला, आणि पट्टीपुढें पाण्याची घागर आणून ठेविली.